प्रकल्प अहवाल आणि हजेरीपत्रक

हळद दळण्याच्या कारखान्याचा प्रकल्प अहवाल हिंगोली, नांदेड, परभणीत कुठेही तयार मिळतो. नाव आणि गट नंबर बदलायचा, यंत्रांची कोटेशनं जोडायची, सीएची सही घ्यायची. शेवटच्या पानांवर मनुष्यबळाचा छोटा तक्ता असतो: पर्यवेक्षक १, कुशल कामगार २, अकुशल ५. एकूण ८. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या सरकारी हिशेबातही एका युनिटमागे साधारण तेवढेच रोजगार धरलेले दिसतात. हा आकडा खरा व्हावा असं फार वाटतं. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, वसमतला हळद संशोधन केंद्र उभं राहतं आहे, आणि तरी बरीचशी हळद हळकुंडाच्या रूपातच जिल्ह्याबाहेर जाते. दळण, चाळण, पॅकिंग, म्हणजे ज्यात माणसं लागतात ते काम, दुसरीकडे होतं. ते इथं व्हायचं असेल तर आठाचा आकडा कुठं अडतो, हे हिशेब मांडूनच बघायला हवं.

आधी योजनांची ओळख. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ पासूनचा. खादी आणि ग्रामोद्योग आयोग तो चालवतो आणि जिल्हा उद्योग केंद्र, खादी मंडळ यांच्याकडूनही अर्ज जातात. महाराष्ट्राने २०१९ मध्ये मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम सुरू केला, त्याचा साचा बराचसा तोच. सर्वसाधारण गटाला शहरी भागात प्रकल्प खर्चाच्या १५ टक्के, ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान आणि स्वतःचा हिस्सा १० टक्के. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, दिव्यांग, माजी सैनिक यांना शहरी भागात २५, ग्रामीण भागात ३५ टक्के आणि स्वतःचा हिस्सा फक्त ५ टक्के. बाकीचं बँक देते.

आता हिंगोली जिल्ह्यातल्या एखाद्या गावातल्या महिलेचा २५ लाखांचा हळद-मसाला प्रकल्प घेऊ. राज्याच्या योजनेचा आराखडा असा, की इमारतीवर २० टक्क्यांपेक्षा जास्त नको, खेळतं भांडवल ३० टक्क्यांपेक्षा जास्त नको, आणि यंत्रसामग्री निम्म्याहून कमी नको. म्हणजे शेड ५ लाख, यंत्रं साडेबारा लाख, खेळतं भांडवल साडेसात लाख. तिचा हिस्सा सव्वा लाख, अनुदान पावणेनऊ लाख, उरलेले १५ लाख खरं कर्ज. कागदावर हा व्यवहार फार चांगला दिसतो. सव्वा लाखात २५ लाखांचा कारखाना कोणाला नको?

साडेसात लाखांतले ५० हजार पाकिटं, लेबल, डिझेल आणि पहिल्या महिन्याच्या मजुरीला बाजूला ठेवले, तर हळद घ्यायला ७ लाख उरतात. हळकुंडाचा भाव क्विंटलला १३ हजार धरला तर साधारण ५४ क्विंटल माल येतो. साडेबारा लाखांत बसवलेला पल्व्हरायझर, म्हणजे दळण्याचं यंत्र, तासाला १०० किलो सहज दळतो. ५४ क्विंटल म्हणजे ५४ तास, आठ तासांच्या पाळीने सात दिवसांचंही पुरतं काम नाही. आठव्या दिवशी यंत्र बंद. पूड दुकानदाराकडे आणि वितरकाकडे गेली, ती उधारीवर. मोंढ्यात हळद रोखीने घ्यावी लागते आणि पुडीचे पैसे दीड-दोन महिन्यांनी सुटतात. खरेदी, दळण, पॅकिंग आणि वसुली धरून एक फेरा अडीच महिन्यांचा होतो. वर्षात असे पाच फेरे झाले तर २७० क्विंटल, म्हणजे २७० तास, म्हणजे ३४ दिवसांचं काम. उरलेल्या दिवसांत आठ माणसांनी काय करायचं?

आता त्याच अहवालाचं दुसरं पान उघडावं. तिथे लिहिलेलं असतं, की पहिल्या वर्षी यंत्रक्षमतेचा वापर ६० टक्के. तासाला १०० किलो, दिवसाला ८ तास, वर्षाला ३०० दिवस. पूर्ण क्षमता २,४०० क्विंटल, ६० टक्के म्हणजे १,४४० क्विंटल. त्यासाठी वर्षभरात १ कोटी ८७ लाखांची हळद घ्यावी लागते. पाच फेरे धरले तरी प्रत्येक फेऱ्याला ३७ लाखांच्या वर रक्कम अडकते. अहवालात खेळतं भांडवल आहे साडेसात लाख. एकाच बाडातली दोन पानं एकमेकांशी जुळत नाहीत आणि मंजुरीच्या साखळीत बहुतेक वेळा हे कोणी ताडून बघत नाही. सीए ताळेबंद तयार करतो, उद्योग केंद्र पात्रता बघतं, बँक सिबिल (जुन्या कर्जफेडीची पत), हप्ता फेडण्याची क्षमता आणि तारण बघते. या दोन पानांमधली जवळपास ३० लाखांची तूट मात्र त्या बाईच्या वाट्याला येते, उद्घाटनानंतर.

यात कोणाची लबाडी असेलच असं नाही, म्हणून तर हे मनाला जास्त लागतं. योजनेच्या रचनेतच पैसा यंत्राकडे झुकलेला आहे. यंत्र दिसतं, त्याचा फोटो निघतो, त्यावर नंबर असतो, जप्त करता येतं. खेळतं भांडवल पोत्यात, पाकिटात आणि उधारीच्या वहीत असतं. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याला ते दाखवायचं कसं? पण कामगाराचा पगार निघतो तो याच पैशातून. तो कमी पडला की सगळ्यात आधी माणसं कमी होतात. हप्ता थांबवता येत नाही, वीजबिल थांबवता येत नाही, हजेरी मात्र थांबवता येते.

पंतप्रधान योजनेत खेळत्या भांडवलाबाबत एक अट आहे आणि ती अर्जदाराला फार क्वचित कोणी समजावून सांगतं. कॅश क्रेडिटची (खेळत्या भांडवलासाठी लागेल तसं उचलायच्या कर्जाची) मर्यादा तीन वर्षांच्या काळात एकदा तरी पूर्ण १०० टक्के वापरली गेली पाहिजे आणि सर्वसाधारण वापर ७५ टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. ती न पाळल्यास अनुदानाचा तेवढा भाग परत जाऊ शकतो. व्याज वाचवायचं म्हणून काटकसरी बाई लिमिट उचलत नाही, आणि तिची काटकसरच तिच्या अंगाशी येते.

अनुदान मिळतं कसं, हेही नीट कळलेलं बरं. ते हातात येत नाही. बँक आधी पावणेचोवीस लाखांचं कर्ज मंजूर करते, उद्योजकता प्रशिक्षण पूर्ण झालेलं लागतं, कर्जाचा पहिला हप्ता सुटतो, मग बँक ऑनलाइन मार्जिन मनीचा, म्हणजे या अनुदानाचा, दावा करते. पैसा आला की तो अर्जदाराच्या नावे तीन वर्षांच्या टीडीआरमध्ये, म्हणजे मुदत ठेवीत, जातो. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागत नाही. तीन वर्षांनी प्रत्यक्ष तपासणी होते, युनिट चालू असेल तर ठेव कर्जात वळती होते.

खरी अडचण आहे ती दावा केल्यापासून पैसा येईपर्यंतच्या काळाची. तोवर व्याज पूर्ण पावणेचोवीस लाखांवर चालू राहतं. ११ टक्के दर धरला तर पावणेनऊ लाखांवर वर्षाला ९६,२५० रुपये, महिन्याला ८ हजार. गावाकडच्या एका पॅकिंग करणाऱ्या बाईचा महिन्याचा पगार जवळपास तेवढाच असतो. दावा सहा महिने रेंगाळला तर ४८ हजार गेले, आणि दाव्यात बारीकशी चूकही तेवढा वेळ खाते: आधारवरचं नाव आणि जातीच्या दाखल्यावरचं नाव जुळत नाही, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र पोर्टलवर चढवलेलं नाही, बँकेने कर्जाचा पहिला हप्ता सोडला पण तारीख चुकीची भरली. म्हणून कर्ज मंजूर झालं की पेढे वाटण्याआधी शाखेत जाऊन दाव्याचा क्रमांक मागावा आणि दर आठवड्याला त्याची स्थिती विचारावी. त्यात लाजण्यासारखं काही नाही, व्याज तुमच्या खात्यावर चढत असतं.

दुसरी कीड कोटेशनची. स्वतःच्या ५ टक्क्यांचीही सोय नसते, तेव्हा यंत्र विकणारा सांगतो, आठ लाखांच्या यंत्राचं अकराचं बिल देतो, वरचे तीन लाख परत घ्या. यात हिस्साही निघतो आणि हातात चार पैसेही येतात, असं वाटतं. होतं ते असं, की यंत्र आठ लाखांचं काम करतं आणि हप्ता अकरा लाखांचा जातो, पाच ते सात वर्षं. हा गुन्हा तर आहेच, पण तो बाजूला ठेवला तरी धंद्याचं गणित पहिल्याच दिवशी बिघडलेलं असतं. वीस-पंचवीस हजारांच्या मासिक नफ्यावर चालणारं युनिट हा जादा हप्ता सहन करू शकत नाही.

जागा आणि वीज यांत आणखी काही महिने जातात. शेतजमिनीवर खराखुरा औद्योगिक वापर करायचा असेल आणि प्रादेशिक आराखड्यात तो वापर बसत असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४४-अ नुसार आधी अकृषिक परवानगी घ्यायची गरज नाही, वापर सुरू केल्यापासून ३० दिवसांत कळवायचं असतं. तरी बँकेच्या कित्येक शाखा एनए (अकृषिक) आदेशाशिवाय फाईल पुढे ढकलत नाहीत. ते कलम छापून सोबत न्यावं. विजेचं जास्त गंभीर आहे. शेड मळ्यात असेल आणि जोडणी शेतीच्या फीडरवरून मिळाली, तर तीन फेज वीज पाळीपाळीने मिळते, कधी रात्रीच. पल्व्हरायझर रात्री दोन वाजता चालवायला बायका येणार नाहीत, यायलाही नकोत. गावठाणाच्या किंवा औद्योगिक फीडरवर जोडणी मिळेल का आणि जवळच्या रोहित्रावर (ट्रान्सफॉर्मरवर) तेवढा भार शिल्लक आहे का, हे जागा ठरवण्याआधी महावितरणच्या उपविभागात लेखी विचारायचं. नवं रोहित्र स्वतःच्या खर्चाने टाकायची वेळ आली तर अहवालात न धरलेले काही लाख तिथेच जातात.

हे झालं गावपातळीवरचं. राज्याचं मोठं धोरण बघितलं तरी कल तोच दिसतो. १९६२ मध्ये औद्योगिक वसाहती उभारणारी एमआयडीसी आली, १९६४ मध्ये सामूहिक प्रोत्साहन योजना, १९६६ मध्ये उद्योगांना कर्ज देणारं सिकॉम. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यात दाटलेले कारखाने मराठवाडा, विदर्भ, कोकणाकडे न्यायचे, हा हेतू. तालुक्यांची अ, ब, क, ड, ड+ अशी वर्गवारी झाली, त्यापुढे विनाउद्योग जिल्हे आणि नक्षलग्रस्त भाग. जितका मागास भाग, तितकी सवलत जास्त. बराच काळ सवलतीचा कणा होता विक्रीकराची माफी किंवा लांबणी. राज्याराज्यांत त्यावरून चढाओढ लागली आणि शेवटी सगळ्यांनी मिळून १ जानेवारी २००० पासून विक्रीकराच्या सवलती थांबवायचं ठरवलं. त्यानंतर २००३ मध्ये केंद्राने हिमाचल आणि उत्तराखंडला दहा वर्षांची उत्पादनशुल्क माफी दिली, आणि औषध कंपन्यांची रांग हिमाचलमधल्या बद्दीकडे लागली. ठाणे-मुंबईत औषधं बनवत आलेल्या कंपन्यांचंही नवं उत्पादन तिकडे गेलं. कारखाना सवलतीच्या मागे जातो, हे त्यात स्वच्छ दिसलं. एका प्रदेशाला मिळालेला रोजगार पुष्कळदा दुसऱ्या प्रदेशाचा हुकलेला असतो.

तरी सवलतीने काहीच होत नाही असं म्हणणं चूक. १९८५ मध्ये छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या मागे सुटे भाग बनवणारे, प्रेसशॉप, रबराचे, रंगाचे, टूलरूमचे छोटे-मध्यम कारखाने आले. सवलतींची मुदत संपल्यावरही वाळूज टिकलं, कारण तोवर तिथे एकमेकांना माल पुरवणारी साखळी आणि यंत्रावर हात बसलेले कामगार तयार झाले होते. ज्या वसाहतींत एकेकटी युनिटं सवलतीपुरती आली, तिथे मुदत संपली की गेटला कुलूप. वाळूजला मोठ्या कारखान्याच्या दारात छोट्यांना रोख फिरवता आली, रोज माल उचलणारा गिऱ्हाईक मिळाला. म्हणजे तिथेही प्रश्न शेवटी खेळत्या पैशाचाच होता.

२०१३ च्या प्रोत्साहन योजनेत ड आणि ड+ भागात विशाल प्रकल्पाचा दर्जा मिळायला २५० कोटींची गुंतवणूक किंवा ५०० जणांना रोजगार, दोहोंपैकी एक पुरेसं होतं. म्हणजे सरकारी मापाने एका नोकरीमागे ५० लाख. वरच्या हळद प्रकल्पात, आठ नोकऱ्या खऱ्या धरल्या तर, एका नोकरीमागे तीन लाखांच्या आसपास. दोन्हींची तुलना सरळ होत नाही, मोठ्या कारखान्यातली नोकरी कायमची आणि जास्त पगाराची असू शकते. पण रोजगारासाठी पैसा खर्च करायचा असेल तर हा फरक डोळ्यासमोर असायला हवा. वीज सवलतीचंही तसंच. विदर्भ-मराठवाड्यातल्या उद्योगांना २०१६ पासून वीजदरात सवलत मिळू लागली. सवलत युनिटमागे असते, तेव्हा ती सगळ्यात जास्त वीज वापरणाऱ्याकडे जाते. जालन्यातली पोलाद वितळवणारी भट्टी एका पाळीत जितकी वीज घेते, तितकी शिवणकामाच्या शेडला कित्येक महिने पुरते. शिवणकामात माणसं जास्त लागतात आणि वाट्याला येणारी सवलत नगण्य.

जीएसटीने आणखी एक पेच टाकला, त्याबद्दल फार कमी बोललं जातं. प्रोत्साहन अनुदान आता राज्याच्या जीएसटीवर मोजतात आणि तोही महाराष्ट्रातल्या विक्रीवरचा. जीएसटी माल जिथे वापरला जातो त्या राज्याला मिळतो. गोंदियाच्या कारखान्याची जवळची बाजारपेठ छत्तीसगड आणि मध्य प्रदेश, गडचिरोली आणि देगलूरची तेलंगणा. माल सीमेपलीकडे विकला की राज्याच्या तिजोरीत काही पडत नाही, म्हणून अनुदानही बसत नाही. जे तालुके सीमेवर आहेत म्हणून मागास राहिले, त्यांनाच मोजमापाची ही पद्धत सगळ्यात कमी देते. त्यातून जे मिळायचं तेही आधी कर भरून, वर्ष संपल्यावर, सीएच्या दाखल्यासह दावा करून. दावा मंजूर होणं वेगळं आणि अर्थसंकल्पातल्या तरतुदीतून पैसा खात्यात पडणं वेगळं. मोठी कंपनी तेवढा दम धरू शकते, लघुउद्योगाला तोवर उसनवारीवर जगावं लागतं.

मग रोजगार मोजायचा कसा? प्रोत्साहन घेणाऱ्या उद्योगाने पर्यवेक्षकांत किमान ५० टक्के आणि इतर पदांत ८० टक्के स्थानिक घ्यावेत, ही अट जुनी आहे. कारखाना कायम कामगारांची यादी दाखवतो. निम्मं काम ठेकेदाराच्या मस्टरवरच्या (हजेरीपटावरच्या) माणसांकडून होत असतं आणि ती यादी दर काही महिन्यांनी बदलते. भविष्यनिर्वाह निधीची मासिक नोंद हा त्यातल्या त्यात भरवशाचा पुरावा, माणसागणिक आणि महिन्यागणिक. १ ऑगस्ट २०२५ पासूनची प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना याच नोंदीवर उभी आहे, आणि ही दिशा मला बरोबर वाटते. पहिल्यांदा नोकरीला लागणाऱ्याला एका महिन्याच्या पगाराइतके, जास्तीत जास्त १५ हजार रुपये दोन टप्प्यांत. मालकाला प्रत्येक वाढीव कामगारामागे महिन्याला ३ हजारांपर्यंत, दोन वर्षं, उत्पादन क्षेत्राला चार वर्षं. ५० पेक्षा कमी कामगार असतील तर किमान दोन, जास्त असतील तर किमान पाच माणसं वाढवायची आणि ती सहा महिने टिकवायची. इथे पैसा यंत्राऐवजी हजेरीला जोडलेला आहे. फक्त भविष्यनिर्वाह निधी २० कामगारांपासून सक्तीचा आहे. आठ माणसांचं हळद युनिट स्वेच्छेने नोंदणी करू शकतं, पण त्यासाठी दरमहा चलन भरण्याची शिस्त आणि ते भरून देणारा माणूस लागतो. म्हणून ज्यांना ही मदत सगळ्यात जास्त उपयोगी पडली असती, ते बहुतेक बाहेर राहतात. जिल्हा उद्योग केंद्राने तालुक्याला एक पगार-चलन मदतनीस नेमला, तर तेवढ्यानेही बराच फरक पडेल.

तोवर हाताशी असलेल्या योजनेतच मार्ग काढायचा आहे, आणि तो निघतो. २५ लाखांऐवजी १२-१४ लाखांचा प्रकल्प करावा, छोटा पल्व्हरायझर घ्यावा, स्वयंचलित पाकीट यंत्राऐवजी पायाने चालणारं सीलर घ्यावं. अनुदानाची रक्कम कमी होते, हप्ताही कमी होतो, आणि हाताने पॅकिंग करणाऱ्या चार बायकांना रोजचं काम राहतं. पहिलं वर्ष दळणावळ मजुरीवर काढावं: हळद शेतकऱ्याची किंवा बचतगटाची, आपली फक्त दळाई आणि पॅकिंग. त्यात माल विकत घ्यावा लागत नाही, थोड्या खेळत्या भांडवलात वर्षभर यंत्र फिरतं. सोबत मिरची, धने, ज्वारीचं पीठ घेतलं तर हंगामाबाहेरचे महिनेही भरतात. स्वतःचा माल साठवायचा असेल तर नोंदणीकृत गोदामात ठेवून त्याच्या इलेक्ट्रॉनिक पावतीवर तारण कर्ज घ्यावं. कॅश क्रेडिटवरचा ताण हलका होतो. तारण द्यायला नसेल तर बँकेला सीजीटीएमएसई या लघुउद्योगांच्या कर्जाची हमी घेणाऱ्या सरकारी निधीची हमी घ्यायला सांगावं, तिची वार्षिक फी खर्चात धरावी.

आणि अर्जाची वेळ सांभाळावी. नवी हळद फेब्रुवारी-मार्चपासून मोंढ्यात येऊ लागते. अर्ज मार्चअखेरच्या उद्दिष्टाच्या घाईत केला तर यंत्रं पावसाळ्यात येतात आणि लिमिट हातात पडेपर्यंत हंगाम संपलेला असतो. मग पहिलं वर्ष महागड्या साठ्यातल्या मालावर काढावं लागतं. जून-जुलैत अर्ज, दिवाळीआधी मंजुरी आणि प्रशिक्षण, डिसेंबरपर्यंत शेड आणि जोडणी, जानेवारीत चाचणी, असं वेळापत्रक बांधून बँक मॅनेजरला पहिल्याच भेटीत लेखी द्यावं. कॅश क्रेडिट फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात खुलं झालं पाहिजे, हे त्यात ठळक लिहावं.